घडीचा आकाशकंदील आणि राहून गेलेली नोंदणी: ठाण्यातील एक प्रकरण

मी ठाण्यात वकिली करते. हे प्रकरण ज्यांचे आहे त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे. त्यांना इथे नुसते ताई म्हणेन. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि कायद्याची बाजू मात्र जशी होती तशीच ठेवली आहे, माझ्या चुकांसकट.

पार्श्वभूमी

ताई नौपाड्यात राहतात. शिक्षण उपयोजित कलेचे. बारा-तेरा वर्षे खोक्यांचे आणि वेष्टनांचे डिझाइन करण्याची नोकरी केली. सपाट शीटमधून उभी वस्तू कशी निघते हे त्यांच्या हातात बसले आहे. लॉकडाउननंतर नोकरी सुटली आणि २०२१च्या दिवाळीसाठी त्यांनी एक आकाशकंदील तयार केला. पांढऱ्या पीपी (पॉलीप्रॉपिलीन प्लास्टिक) शीटच्या बारा पाकळ्या, एकमेकींत अडकणाऱ्या खाचा, ना गोंद ना टाचणी. घडी घातली की मोठ्या पाकिटात मावतो, दोरी ओढली की पाकळ्या उलगडून गोल होतो. प्रत्येक पाकळीवर ठिपक्यांच्या रांगोळीवरून सुचलेले कातरकाम. परतीच्या पावसात कागदाचा कंदील लगदा होतो, हा होत नाही.

पहिल्या वर्षी लेझरवर ३६ कंदील कापून घेतले. ओळखीपाळखीत संपले. इन्स्टाग्रामवर फोटो टाकले, कौतुक झाले. २०२२मध्ये वागळे इस्टेटमधल्या एका डाय-पंचिंगवाल्या काकांकडे डाय बनवून घेतली. लाकडी फळीवर बसवलेल्या पोलादी पात्यांची ही डाय साडेसहा हजारांना पडली. त्या वर्षी ४५० नग, २०२३मध्ये ११०० आणि २०२४साठी १५०० मारून घेतले. सोबत घडी कशी उलगडायची याचे एक पान, त्यावर रेखाचित्रे. रेखाचित्रे एका कला महाविद्यालयातल्या मुलीने काढली, फोटो दिराने काढले. खोक्यावरचे चित्र ताईंचे स्वतःचे.

या तीन वर्षांत नोंदणीचा विषय एकदाच निघाला. एका मैत्रिणीने विचारले, 'याचे पेटंट वगैरे घेतलेस का?' ताई म्हणाल्या, 'घरच्या घरी चाललंय, पेटंट कसलं?' मैत्रिणीने 'पेटंट' हा शब्द वापरला म्हणून तो विषय तिथेच संपला, असे मला आजही वाटते. पेटंट म्हणजे शास्त्रज्ञांचे काम, आपले नाही, असे आपल्याकडे सरसकट धरले जाते. डिझाइन नोंदणी नावाची वेगळी, पुष्कळ स्वस्त वाट आहे हे त्या दोघींनाही ठाऊक नव्हते. व्यक्तीने अर्ज केला तर तिची सरकारी फी १००० रुपये आहे. डायच्या साडेसहा हजारांशेजारी ठेवून पाहावी अशी रक्कम आहे ही.

अडचण

२०२४च्या पितृपक्षात डोंबिवलीच्या नणंदेने व्हॉट्सअॅपवर एक लिंक पाठवली. 'वहिनी, इतक्या स्वस्तात कधीपासून द्यायला लागलीस?' ताईंचा कंदील ३४९ रुपयांना होता, लिंकवरचा १४९ला. फोटोत ताईंचीच गॅलरी दिसत होती, त्यांच्याच कुंड्या. त्याच संध्याकाळी त्या जांभळी नाक्यावर गेल्या. तिथे एका दुकानात तेच कंदील ओळीने टांगलेले होते.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे दोन कंदील घेऊन आल्या, एक स्वतःचा, एक विकत आणलेला. दोन्ही टेबलावर उलगडले आणि सातव्या पाकळीच्या बुडाशी बोट ठेवले. तिथे एक जादा अर्धगोल खाच होती. पहिल्या डायवर त्या ठिकाणी शीट फाटत होती म्हणून काकांनी ती खाच नंतर घातली होती. डिझाइनमध्ये तिला काही अर्थ नव्हता. ती दुसऱ्या कंदिलातही होती, त्याच जागी. घडीच्या पानावर ताईंच्या हातून पायऱ्यांचे आकडे चुकले होते, ५ नंतर थेट ७. विकत आणलेल्या कंदिलाच्या पानावरही ५ नंतर ७.

नक्कल झाली आहे याबद्दल शंका उरली नाही. ताईंचा प्रश्न साधा होता: 'मॅडम, आता थांबवता येईल ना?' दिवाळीला जेमतेम पाच-सहा आठवडे होते.

कायदा काय सांगत होता

इथे थोडे थांबावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच फिरले.

वस्तूचा आकार, रचना, नक्षी, रेषांची वा रंगांची मांडणी, म्हणजे डोळ्यांना जे दिसते, त्याला डिझाइन कायदा, २००० संरक्षण देतो. नोंदणी झाली की दहा वर्षे, पुढे पाच वर्षांची मुदतवाढ. पण कलम ४ची अट कडक आहे. अर्जाच्या तारखेआधी ते डिझाइन भारतात किंवा जगात कुठेही प्रसिद्ध झालेले वा वापरात आलेले नसावे. काही देशांत स्वतः प्रसिद्ध केल्यावरही नोंदणीसाठी काही महिने सवलत मिळते. आपल्या कायद्यात अशी सरसकट सवलत नाही. प्रदर्शनांसाठी कलम २१ आहे, पण ते केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरते, आणि तेही आधी कळवले असेल तरच. सोसायटीच्या हॉलमधली दिवाळीची विक्री त्यात बसत नाही. इन्स्टाग्राम तर नाहीच. ताईंनी २०२१मध्ये पहिला फोटो टाकला आणि त्या कंदिलाचा डिझाइन नोंदणीचा दरवाजा त्यांच्याच हातून बंद झाला.

मग कॉपीराइट? चित्र काढले की कॉपीराइट आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो कलावंताच्या हयातीनंतरही ६० वर्षे टिकतो. हे ताईंनी कुठेतरी वाचले होते आणि त्यावर त्यांची मोठी भिस्त होती. पण कॉपीराइट कायदा, १९५७मध्ये कलम १५(२) आहे. डिझाइन म्हणून नोंदवता आली असती अशी रचना नोंदवली नाही, आणि ती लावलेली वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक प्रक्रियेने पन्नासपेक्षा जास्त वेळा काढली, की त्या रचनेवरचा कॉपीराइट संपतो. पहिल्या वर्षीच्या ३६ कंदिलांपर्यंत तो शाबूत होता. २०२२मध्ये काकांच्या मशीनवर पन्नाशी ओलांडली गेली, बहुधा पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी, आणि तो गेला. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली रितिका विरुद्ध बिबा या प्रकरणात कपड्यांच्या डिझाइनबाबत हेच सांगितले होते.

आणखी एक गोष्ट ताईंना ऐकायला जड गेली. त्यांच्या मते या कंदिलातली खरी कल्पना म्हणजे घडी: गोंदाशिवाय उलगडणे. पण वस्तू कशी जोडली जाते, कशी चालते, हे डिझाइन कायद्याच्या व्याख्येतून मुद्दाम बाहेर ठेवले आहे. तो पेटंटचा प्रांत, आणि पेटंटलाही नावीन्य लागते. ज्या भागावर त्यांनी सर्वात जास्त रात्री घालवल्या त्याला तेव्हा कसलेच कवच नव्हते. आणि ज्या गोष्टी त्यांनी किरकोळ समजून भराभर उरकल्या होत्या, फोटो, घडीचे पान, खोक्यावरचे चित्र, त्यांचा कॉपीराइट पूर्ण शाबूत होता. पत्रके आणि लेबले डिझाइन म्हणून नोंदवलीच जात नाहीत, त्यामुळे पन्नासचा नियम त्यांच्या आड येत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, थेट ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा आणि तातडीचा मनाई हुकूम. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात आधी मध्यस्थी करावी लागते, ती टाळायची तर तातडीचा दिलासा मागण्याचे खरे कारण हवे. ते इथे होते, दिवाळी तोंडावर होती. पण मागायचे काय? कंदील थांबवा असे म्हणायला हक्कच शिल्लक नव्हता. फोटो आणि पान थांबवा एवढेच म्हणता आले असते, आणि त्यासाठी दाव्याचा खर्च त्या हंगामाच्या नफ्याहून जास्त झाला असता.

दुसरा पर्याय ताईंच्या एका परिचिताने सुचवला. जुनाच कंदील आता अर्जात टाका, तपासणीत इन्स्टाग्रामचा फोटो कोण बघतो, एकदा सर्टिफिकेट हातात आले की ऑनलाइन दुकानदार घाबरून माल काढतात. हा सल्ला बाजारात सर्रास दिला जातो. मी नकार दिला. अर्जात डिझाइन नवे आहे असे सांगायचे आणि ते नाही हे आपल्याला माहीत असायचे, हे मला पटत नाही. व्यवहारातही ते टिकत नाही. डिझाइन कायद्याच्या कलम १९खाली हितसंबंध असलेला कुणीही ती नोंदणी रद्द करायला अर्ज करू शकतो, आणि पुरावा ताईंच्याच पानावर तारखेसह उभा होता. वर, पोकळ हक्काच्या जोरावर धमकी दिली तर उलट दावा लागू शकतो. त्या दिवशी ताई माझ्यावर चिडून गेल्या. 'त्यांनी चोरलेलं चालतं, आणि मी माझंच नोंदवलं तर खोटं?' या प्रश्नातली वेदना खरी होती. मी उत्तर बदलले नाही.

तिसरा, फोटो आणि पानाच्या कॉपीराइटवर ऑनलाइन बाजारपेठेकडे तक्रार. चौथा, नक्कल विकणाऱ्या व्यापाऱ्याशी आणि डायवाल्या काकांशी बोलणी. पाचवा, हा हंगाम गेला असे धरून पुढच्या वर्षाच्या कंदिलांची तयारी नीट करणे. आम्ही तिसरा आणि चौथा एकत्र धरला, पाचवा मनात ठेवला.

काय केले, आणि कुठे घसरलो

ताईंना खात्री होती की डाय काकांकडूनच गेली. मी त्याच संध्याकाळी काकांना नोटीस पाठवली. इथे माझी चूक झाली. आमच्याकडे एकूण तीन लिंक होत्या आणि त्यातल्या एकाच पानाचे नीट स्क्रीनशॉट घेतले होते. काका घाबरले, त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला, आणि दोन दिवसांत उरलेल्या दोन लिंकवरचे फोटो बदलले गेले. आधी सगळा पुरावा गोळा करायचा, प्रत्येक विक्रेत्याकडून एकेक नग बिलासह मागवायचा, आणि मगच पहिले पत्र बाहेर पाठवायचे, हे मी इतरांना सांगत आले आहे. ताईंच्या संतापाच्या भरात मीही घाई केली.

जे एक पान हाती होते ते पक्के केले. स्क्रीनशॉटवर तारीख-वेळ, कोणत्या फोनवरून घेतले त्याची नोंद, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालचे प्रमाणपत्र. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-ब ऐवजी हेच कलम लागू आहे.

तक्रार लिहायला बसलो तेव्हा दुसरी अडचण उभी राहिली. तक्रारीत 'या फोटोंची मालक मी आहे' असे लिहावे लागते. फोटो दिराने काढले होते, तेही फुकट. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची मालकी, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे जाते; फुकट काढलेल्याची काढणाऱ्याकडेच राहते. रेखाचित्रे काढणाऱ्या मुलीला तीन हजार रुपये मोबाइलवरून दिले होते, पण ती ताईंच्या नोकरीत नव्हती, आणि तिची चित्रे पेंटिंग किंवा पोर्ट्रेट या सदरातही बसत नव्हती. म्हणजे त्यांचा कॉपीराइट तिच्याकडेच होता. जे एकमेव हत्यार शाबूत होते ते कागदावर ताईंचे नव्हतेच.

दीर चकित झाले. 'वहिनी, तुमच्या कंदिलाच्या फोटोचा मालक मी?' त्यांनी हसत सही केली. मुलीच्या बाबतीत मी ताईंना थोडे थांबवले. तिने सही दिली असती, ती ताईंना मानते. पण तिला आधी समजावून सांगितले की हक्क तुझा आहे, आणि तो देण्याचे वेगळे पैसे ठरवले. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९प्रमाणे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी हवे. कोणते काम, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे सगळे त्यात यायला हवे. काळ लिहिला नाही तर पाच वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आम्ही दोन्ही लिहिले, आणि पानावर तिचे नाव छापायचे हेही लिहिले. दुसऱ्याने आपले काम उचलले म्हणून दाद मागायला निघालेल्या माणसाने एका विद्यार्थिनीचे काम बिननावाने वापरावे हे मला बरोबर वाटले नसते, आणि ताईंनाही ते लगेच पटले.

याच बैठकीत वारलीचा विषय निघाला. २०२३मध्ये ताईंनी एका कंदिलावर वारली शैलीतला तारपा नाच कातरला होता आणि तो 'वारली कंदील' म्हणून विकला होता. नकलेत तोही होता. मी म्हटले, हा तक्रारीतून वगळू. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, ती आपल्या शेजारच्या पालघरमधल्या आदिवासी समाजाची कला आहे, आणि आपण त्या नावाने माल विकला तो कुणाला विचारून? ताई बराच वेळ गप्प बसल्या. तो कंदील त्यांनी पुढे बंद केला.

तक्रार घटस्थापनेच्या दोन दिवस आधी गेली. कॉपीराइट नियम, २०१३च्या ७५व्या नियमानुसार नीट लेखी तक्रार मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर दिसेनासा करायचा असतो. घटस्थापनेच्या सकाळी ती लिंक उघडत नव्हती. ताईंनी मला पेढे पाठवले. चौथ्या दिवशी तोच कंदील नव्या नावाने, नव्या फोटोंसह परत आला. या वेळी फोटोत त्यांची गॅलरी नव्हती, आणि कंदिलावर आमचा हक्क नव्हता.

बोलणी

त्याच नियमात दुसरा काटा आहे. तक्रारदाराने २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणून दिला नाही तर काढलेला मजकूर परत दाखवता येतो. मुदत टिकटिकत होती. पण घडीचे पान अजून प्रत्येक पाकिटात जात होते, आणि कॉपीराइटचे जाणूनबुजून उल्लंघन हा फौजदारी गुन्हाही आहे, हे व्यापाऱ्याच्या वकिलाला माहीत होते. दसऱ्यानंतर व्यापारी आपल्या भाच्याला घेऊन माझ्या कार्यालयात आले.

ते उद्धट नव्हते. 'मॅडम, कंदील काय कुणाच्या मालकीचा असतो का? आमच्या लहानपणी प्रत्येक चाळीत पोरं बनवायची.' त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते आणि मी तसे सांगितले. कंदील कुणाचा नाही. षट्कोनी सांगाडा, करंज्या, खाली झिरमिळ्या, हे सगळ्यांचे आहे. पण हे पान आणि हे फोटो यांच्या मालकीण समोर बसल्या आहेत. मग मी ५ आणि ७ दाखवले. भाच्याने पान उलटून पाहिले आणि मामांकडे बघितले.

डाय कशी गेली तेही तिथेच कळले. व्यापाऱ्यांचा माणूस नमुना घेऊन वागळे इस्टेटमध्ये फिरत होता, काकांनी तो ओळखला आणि म्हणाले, याची डाय माझ्याकडे पडून आहे. नंतर ताईंनी विचारले तेव्हा काकांचे उत्तर असे होते: 'गिऱ्हाईक आलं, डाय होती, मारून दिली. तुम्ही कधी म्हणालात का, दुसऱ्याला देऊ नका?' ताई खरेच कधी म्हणाल्या नव्हत्या. पण २०२२च्या बिलात 'डाय चार्जेस ६,५००' अशी वेगळी ओळ होती. डायचे पैसे ताईंनी दिले होते, डाय ताईंची होती. त्या बिलावर ती परत मिळाली. विश्वासभंगाचा वेगळा दावा करता आला असता का, यावर मी बराच विचार केला. तोवर डिझाइन तीन वर्षे सगळ्यांसमोर होते, गुप्त असे काही राहिले नव्हते. मी तो सल्ला दिला नाही.

कोजागिरीच्या सुमारास स्टॅम्प पेपरवर हमीपत्र झाले. फोटो, पान आणि खोक्यावरचे चित्र वापरणार नाही, उरलेली पाने नष्ट करणार, आणि झालेल्या वापरापोटी १५,००० रुपये. कंदील विकायचे नाहीत असे त्यात नव्हते. तसे लिहून मागण्याचा आधार माझ्याकडे नव्हता, आणि ते मी ताईंना सही करण्याआधी स्पष्ट सांगितले.

निष्पत्ती

त्या दिवाळीत ताईंचे १५००पैकी सातशेच्या आसपास कंदील गेले. जांभळी नाक्यावर नक्कल विकली जात राहिली.

एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या प्रकरणात कलम १५(२)वर निकाल दिला. वाद द्रवरूप नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या आराखड्यांचा होता. न्यायालयाने दोन टप्प्यांची कसोटी सांगितली: आधी काम निव्वळ कलाकृती आहे की तिच्यावरून औद्योगिक प्रक्रियेने वस्तूवर उतरवलेले डिझाइन, हे कलम १५(२)च्या आधारे पाहायचे, कॉपीराइट मिळत नसेल तर त्याचा मुख्य हेतू उपयुक्ततेचा आहे का ते पाहून डिझाइन कायद्याचे संरक्षण मिळते का हे ठरवायचे. मी तो निकाल ताईंचा कंदील समोर ठेवून वाचला. माझे उत्तर बदलले नाही.

तोवर पाचवा पर्याय सुरू झाला होता. ताईंनी २०२५साठी पाच नवे कंदील आखले आणि फेब्रुवारीत त्यातल्या दोघांचे अर्ज केले. फी ही अडचण नव्हती. प्रत्येक अर्जाला समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून, खालून आणि तिरके असे एकमेकांशी तंतोतंत जुळणारे दृश्य लागते, आणि पाचही नमुने तेवढे पक्के झाले नव्हते. नावीन्य आकारात आणि कातरकामात आहे असे निवेदन दिले. घडीच्या यंत्रणेवर हक्क सांगत नाही असेही लिहिले. तपासणीत एक हरकत आली. तिरक्या दृश्यात टांगायची दोरी दिसत होती, बाकीच्यांत नव्हती. अशी हरकत अर्जापासून सहा महिन्यांच्या आत दूर करावी लागते, फार तर आणखी तीन महिने मिळतात. दोरी पुसून दृश्ये परत पाठवली. ऑगस्टमध्ये दोन्ही प्रमाणपत्रे आली, आणि हक्क अर्जाच्या तारखेपासून धरला जातो.

या सहा महिन्यांत ताईंना सर्वात अवघड काय गेले असेल, तर फोटो न टाकणे. त्यांची सगळी गिऱ्हाइके 'बनताना बघण्यातून' आलेली आहेत. अर्जाची पावती आल्यावर फोटो टाकायला हरकत नाही हे मी सांगितले तरी त्यांनी त्या दोघांचे फोटो प्रमाणपत्र येईपर्यंत टाकले नाहीत. उरलेल्या तिघांपैकी खिडकीत लावायच्या छोट्या कंदिलाचा व्हिडिओ मात्र जुलैमध्ये टाकला. तो नोंदवलेला नव्हता. गणपतीत तो बाजारात होता, दुसऱ्याच कुणाचा.

नोंदवलेल्या दोघांपैकी एकाची जवळची नक्कल सप्टेंबरमध्ये डोंबिवलीत दिसली. पाकळ्या बाराऐवजी दहा, कातरकाम तेच. डिझाइन कायद्याचे कलम २२ 'उघड किंवा लबाडीच्या अनुकरणालाही' लागू आहे, हुबेहूब प्रतच हवी असे नाही, आणि तुलना डोळ्यांनी करायची असते. या वेळी आधी तीन दुकानांतून बिलासह नग घेतले, फोटो काढले, आणि मग प्रमाणपत्राच्या प्रतीसह नोटीस पाठवली. दोन दुकानदारांनी माल उतरवला. ठोक विक्रेता सापडला नाही. कलम २२खाली प्रत्येक उल्लंघनाला जास्तीत जास्त २५,००० आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० रुपयांपर्यंत वसुली, किंवा नुकसानभरपाईचा आणि मनाई हुकमाचा दावा, यांतला एक मार्ग निवडावा लागतो. ताईंनी अजून दावा केलेला नाही.

पुन्हा वेळ आली तर

२०२१चा तो पहिला फोटो चार दिवस उशिरा टाकला असता आणि त्याआधी अर्ज केला असता तर यातले जवळजवळ काहीच घडले नसते. डायवाल्याला आराखडा दाखवल्याने नोंदणी हुकत नाही. विश्वासाने, कामापुरते दाखवणे कलम १६खाली प्रसिद्धी मानले जात नाही. हुकते ती सगळ्यांना दाखवल्याने. कारागिरांच्या बैठकांत मी आता हा एकच मुद्दा दोनदा सांगते.

काकांना पाठवलेली नोटीस मला आजही खुपते. पुरावा हातचा गेला एवढेच नाही. ताई आणि काका दोन वर्षे एकमेकांच्या कामाची कदर करत होते, ती जादा खाच त्या कदरीतूनच आली होती. त्यांना वकिलाच्या लेटरहेडवरून जाब विचारायची गरज नव्हती, ताईंनी चहा घेऊन बसायला हवे होते. आणि बिलावर एक ओळ आधीपासून हवी होती: डाय गिऱ्हाइकाची, इतर कुणासाठी वापरू नये, हंगाम संपला की परत.

पाचही कंदिलांचे अर्ज करायला हवे होते का, यावर आमचे अजून एकमत नाही. माझे म्हणणे, जो कंदील सर्वात स्वस्तात कॉपी होतो तो आधी नोंदवा, आणि छोटा कंदील नेमका तसाच होता. ताईंचे म्हणणे, जो सर्वात जास्त आवडतो तो.

पुढच्या हंगामाच्या डायसाठी ताई काकांकडेच गेल्या. वागळे इस्टेटमध्ये इतकी स्वच्छ पाती बसवणारे दुसरे कुणी त्यांना सापडले नाही. मी एक पानी करार मराठीत लिहून दिला: डायची मालकी, आराखड्याची गुप्तता, हंगामानंतर डाय परत. काकांनी तो मुलाकडून दोनदा वाचून घेतला आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: 'डाय नेताना ताईंनी पावती द्यावी.' अट रास्त होती. तशीच ठेवून दोघांच्या सह्या घेतल्या.